बायफोकलची सवय

चष्म्याच्या बाबतीत मी घाई केली, असं कुणी म्हणू नये. साडीला फॉल लावायच्या आधी तो भिजवून, वाळवून, इस्त्री करून बघणारी बाई आहे मी. आष्ट्यात माझं पिको-फॉलचं आणि ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून त्याच्यावरच उभी आहे. मुलगी राणी लग्न होऊन पुण्याला गेली. कुणापुढं हात पसरायची वेळ आली नाही आणि मरेपर्यंत येऊ नये, एवढंच माझं देवाकडं मागणं होतं. डोळे शाबूत तर दुकान शाबूत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पन्नाशीला माझ्याकडं दोन चष्मे झाले, एक लांबचा, एक जवळचा. गिऱ्हाईक दारात आलं की एक, सुईत दोरा ओवायचा की दुसरा. एक नाकावर, एक डोक्यावर, आणि हवा तो नेमका कापडाच्या ढिगाखाली. एकदा लांबचा लावूनच शिवायला बसले आणि एका बाईच्या गळ्याची पट्टी वाकडी बसली. तिनं चार गिऱ्हाइकांसमोर माझी अशी काही बिनपाण्यानं केली की दुसऱ्याच दिवशी मी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढले.

दुकानाचा मालक जयराज. माणूस गोड, आणि समजावून सांगायची हौस दांडगी. त्यानं काउंटरवर तीन काचा मांडल्या. "ताई, ही क्रिप्टॉक. खाली जवळच्या नंबरची गोल वाटी असते. ही डी. हिच्या वाटीला वरून सरळ रेघ असते, त्यामुळं वाचायला जागा ऐसपैस मिळते. आणि ही प्रोग्रेसिव्ह. हिला रेघच नाही, लांबचा नंबर हळूहळू जवळचा होत जातो. पण कडेला धूसर दिसतं, मान वळवून बघावं लागतं."

मी प्रत्येक काच हातात घेऊन त्याच्याच काउंटरवरच्या पावती पुस्तकावर धरून बघितली. शिलाईला काय बरं, म्हणून विचारलं. तो म्हणाला डी. मग त्यानं फ्रेम माझ्या नाकावर बसवली, सरळ समोर बघायला सांगितलं आणि खालच्या पापणीच्या कडेला काचेवर पेनानं ठिपका दिला. रेघ तिथं येणार होती. मला ते फार आवडलं. ब्लाऊजच्या टक्सची खूण आम्ही अशीच करतो.

"एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "पायरी उतरताना खालच्या वाटीतून बघू नका. पायाखालचं धूसर दिसतं, अंदाज चुकतो. हनुवटी खाली घालून वरच्या काचेतून बघायचं. थोडे दिवस धडपडायला होईल. मग सवय होते."

त्यानं सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग येतो.

चष्मा आला आणि मी खूश झाले. हुक लावताना खाली बघायचं, दारातून कोण आलं ते वर बघायचं, नाकावरचा चष्मा हलायचा नाही. फक्त पायाखालचं तेवढं जमेना. दुकानाच्या ओट्याला दोनच पायऱ्या, पण खालची हटकून चुकायची. काउंटरवर ठेवलेला चहाचा कप माझ्याच हातानं सांडायचा. एकदा शेजारच्या बनुबाईचं नातवंड रांगत माझ्या पायाशी आलं आणि मी त्याच्या बोटांवर पाय देता देता राहिले.

बनुबाई माझ्याहून थोरली, तिला बायफोकल लावून जमाना झाला होता. ती हसली. "मला बी तसंच व्हायचं. जिन्यावनं लय धडपडायची मी. हुतीया सवय, जरा दम धर."

मी दम धरला. हनुवटी छातीला लावून चालायला शिकले. चहाचा कप काउंटरच्या आतल्या कोपऱ्यात ठेवायची शिस्त लावून घेतली. पायरीवर आधी एक पाय चाचपडत सोडायचा, लागला की दुसरा. लोक म्हणायचे, संयोगिताबाई हल्ली नवरीसारख्या खाली मान घालून चालतात. मी त्यांना म्हणायचे, तुम्हाला बघावंसं वाटत नाही म्हणून. वर्ष गेलं तरी धडपड थांबेना, तेव्हा परत जयराजकडं गेले. त्यानं नंबर तपासला. एकेक डोळा झाकून तक्त्यावरची अगदी शेवटची बारीक ओळ मी घडाघडा वाचली. "नजर तर पोरीबाळींसारखी आहे तुमची," तो म्हणाला. त्यानं नाकाची पॅडं वाकवून चष्मा जरा खाली बसवला. त्यानं भागेना म्हणून पुढं काच बदलून प्रोग्रेसिव्ह करून दिली. तिचीही सवय व्हायला वेळ लागतो म्हणाला. मी तिचीही सवय करायला लागले.

अशी दोन वर्षं गेली असतील. मग एका दुपारी खुर्चीवर काढून ठेवलेल्या चष्म्यावर मीच बसले. दांडी मोडली. तो जयराजकडं दुरुस्तीला दिला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळ्या डोळ्यांनी दुकानात वावरले. म्हटलं, आज तरी ती मेली दोन नंबरांची काच नाही, पायरी चांगली दिसेल. ओट्यावरून उतरायला पाय टाकला आणि सरळ रस्त्यावर आले. मनगट सुजलं, कोपर सोलवटलं, पण तिकडं माझं लक्षच नव्हतं. नाकावर चष्मा नव्हता आणि तरीही पायरी नव्हती.

आत जाऊन जुना जवळचा चष्मा शोधून लावला आणि मशीनसमोर बसले. डावा डोळा हातानं झाकला आणि सुईकडं बघितलं. सुई लख्ख दिसली, तिच्यातला दोराही दिसला. पण सुईखाली कापड नव्हतं, टेबल नव्हतं, माझी मांडी नव्हती. काळोख असता तर मला कळलं असतं. तिथं काळोखही नव्हता, नुसतं काहीच नव्हतं. मग उजवा डोळा झाकला. तिकडं टेबलाची कड तेवढी जास्त दिसली. मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि रडले. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण जे झालंय ते चष्म्यानं झालेलं नाही, एवढं कळलं होतं.

तानाजीला फोन केला. माझा धाकटा भाऊ, कोरेगावला असतो. फौजेतून रिटायर होऊन आला आणि आता स्वतःच्या टेम्पोतून आल्याची पोती साताऱ्याला नेतो. सांगितल्या सांगितल्या टेम्पो घेऊनच आला. त्यानंही वर्षभरापूर्वी बायफोकल केला होता, गोल वाटीचा. तो लावून तो मोठ्या साहेबासारखा दिसतो, असं मी त्याला चिडवायचे. वाटेत सांगलीपर्यंत तो मला हसवत राहिला. मिरजेत डोळ्यांच्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरताना त्यानं पायाशी असलेल्या कुंडीला लाथ मारली, ती कलंडली, आणि वर दवाखान्यालाच शिवी दिली. "वाटंत कुंड्या कशापायी ठिवत्यात रं ह्यी?" मला खरंच हसू आलं. "तुझाबी बायफोकल का रं?" म्हटलं.

आत बरंच काय काय झालं. डोळ्यावर हवेची फूक मारली, उजेड टाकून आत बघितलं. मग फील्डची तपासणी म्हणून एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाडग्यासारख्या पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मन लावून केलं. बाहेर आले तेव्हा पेपर चांगला गेल्यासारखं वाटत होतं. तपासणाऱ्या बाईला सांगितलंसुद्धा, एकही दिवा सोडला नाही म्हणून.

डॉक्टर अंकिता माझ्या राणीच्या वयाची. तिनं कागद माझ्यापुढं धरला. दोन गोल होते, वरती पांढरे आणि खालती काळे. उजव्याचा तर अर्ध्याहून जास्त काळा.

"काकू, दिवे खालीही लागत होते," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती नंबर सांगेल. तिनं काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि खूश होऊन घरी जातो. माझं खालचं दिसणं गेलं होतं, आणि नेमकं खालचंच बायफोकलवाल्यांना धूसर दिसतं, हे सगळ्या जगाला माहीत होतं.

"मग त्याचा नंबर काढा की," मी म्हटलं.

"याला नंबर नसतो, काकू. कुठलाच चष्मा यावर चालत नाही."

"आप्रेशन?"

"गेलेलं परत येत नाही. थेंब टाकून राहिलेलं टिकवायचं. उजव्याला फार उशीर झालाय. तुम्ही दोन वर्षं आधी आला असतात तर..." तिला वाईट वाटलं असावं.

दोन वर्षांपूर्वी मी कुठं होते ते तिला काय सांगू? मी सवय करत होते. कुणावर ओरडावं ते मला कळेना. जयराजनं नंबर बरोबर काढला, बनुबाईनं स्वतःचा अनुभव सांगितला, मी ऐकलं. कुणी वाईट चिंतलं नव्हतं. आणि मी, जिला आळशी गिऱ्हाइकांचा तिटकारा, ती रोज कष्ट घेऊन, शिस्तीनं, हनुवटी छातीला लावून आंधळी होत होते. माझ्या अंगात त्या वेळी एवढा संताप होता की समोरचा तो कागद फाडावासा वाटला. नंतर संतापही गेला. दुकान गेलं, हे मला तिथंच कळलं. चाचपडत शिवणाऱ्या बाईकडं कोण कापड देणार?

"शिलाई किती दिवस करता येईल?" मी विचारलं.

"थेंब एकही दिवस चुकवू नका. बघू," ती म्हणाली. त्या बघूमध्ये काय आहे ते मला समजलं. मग म्हणाली, "आणि चालताना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह नको आता. लांबचा वेगळा, शिवायचा वेगळा घ्या."

तानाजी माझ्या पाठीशी उभा होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो फौजी थाटातच बोलला. "आक्का, तू कशापायी रडतीस? दुकान ऱ्हाऊ दे तिकडं. कोरेगावला चल. दर म्हयन्याला मी आणतो तुला हितं. माझं दोन डोळं हायती की, दोघांस्नी पुरत्यात."

आयुष्यात कुणाच्या दारी जाणार नाही म्हणणारी मी, त्या क्षणी मला त्याचा किती आधार वाटला ते सांगता येत नाही. जाते, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

डॉक्टर थेंबांची चिठ्ठी लिहीत होती. लिहिता लिहिता म्हणाली, "हा आजार घराण्यात चालतो. सख्खी भावंडं, मुलं, सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं. तुम्हाला कोण भावंडं?"

"ह्यो एकच," मी म्हटलं, आणि मला फाटकातली कुंडी आठवली.

"मला काय धाड भरलीया?" तानाजी म्हणाला. "मी रोज गाडी चालवतोय. पार लांबनं पाटी वाचतोय."

"मीबी शेवटची ओळ वाचत होते," मी म्हटलं. तो नाही म्हणत होता, पोती भरायची आहेत, उशीर होतोय म्हणत होता. मी त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. लहानपणी त्याला शाळेत असंच फरफटत न्यायचे. चारचौघांत तमाशा नको म्हणून तो बसला. फूक मारून झाली, आत उजेड टाकून झाला. डॉक्टरनं तपासणाऱ्या बाईला हाक मारली आणि म्हणाली, "यांचंही फील्ड करून घ्या."

मी त्या अंधाऱ्या खोलीबाहेर बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं. आतून बटणाचा आवाज येत होता, टिक, टिक. तो ऐकत मी देवाला काय काय कबूल करत होते. माझे दोन्ही ने, पण त्याचे ठेव, इथपर्यंत आले होते. मध्येच आवाज थांबला. परत एक टिक आली. मग बराच वेळ काहीच नाही.

"अवं बाई," आतून तानाजीचा मोठा, मोकळा आवाज आला, "तुमचं मशीन बंद पडलं जनू. दिवं लागंनात."

"चालू आहे, काका," ती बाई म्हणाली. "तुम्ही ठिपक्याकडं बघत राहा."