पारोळ्याला उतरलेलं पाकीट

मी एक पेनड्राईव्ह. जळगावात योगेंद्र सरांच्या ऑफिसात, तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या शेजारी पडून आहे. अडगळीत पडलेल्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो म्हणतात. माझा येणार नाही. मला इथे छान झोप लागते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा गोलाणी मार्केटातल्या एका दुकानात खिळ्याला लटकत होतो. अंगावर लोखंडी कवच, पोटात चौसष्ट जीबी जागा. योगेंद्र सरांनी मला घेतलं ते भाचीच्या हळदीचा व्हिडिओ ठेवायला. चार महिने मी तो बँड पोटात घेऊन फिरलो. मग एके दिवशी रत्नाने मला पुसून कोरं केलं आणि म्हणाली, "आजपासून हा धुळ्याचा."

रत्ना सरांच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. अमळनेरच्या कॉलेजात शिकलेली, वय तेवीस, जिना कधी एकेका पायरीने न चढणारी. धुळ्याच्या एका धर्मादाय रक्तपेढीसाठी तिने रक्तसाठ्याची यादी बनवली होती. धुळे, पारोळा, अमळनेर, कुठल्या फ्रीजमध्ये कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, ते सगळ्या केंद्रांना एका पडद्यावर दिसायचं. या यादीचा तिला फार अभिमान होता. रक्त असूनही ते कुठे आहे हे कळलं नाही म्हणून माणूस जाता कामा नये, असं ती चहाच्या टपरीवरसुद्धा भांडण काढल्यासारखं बोलायची.

आता थोडं तिच्या कामाबद्दल, कारण माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं. प्रोग्रॅमचा एकेक भाग ती त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात भरायची. त्या डब्याला कंटेनर म्हणायचं. धुळ्याला रक्तपेढीच्या कपाटात तीन संगणक होते. तिघं मिळून हे डबे सांभाळायचे, एक दमला तर बाकीचे दोघं त्याचे डबे उचलून घ्यायचे. अशा गटाला क्लस्टर म्हणतात. आणि इकडे जळगावात तिचा प्लॅटफॉर्म होता. तिने लिहिलेली ओळन्ओळ तिथे राहायची, तपासली जायची आणि नवा डबा तयार व्हायचा. म्हणजे डबा जळगावात तयार, ठेवायची जागा धुळ्यात तयार. मधे नव्वद किलोमीटर आणि अभयकुमार काका.

काका रक्तपेढीचे विश्वस्त. धान्याचे व्यापारी, माणूस भला, पण एकदा पोळलेला. त्यांच्या दुकानातला संगणक कोणे एके काळी ईमेलातून आलेल्या एका फाईलने कुलूपबंद केला होता. तेव्हापासून त्यांचा नियम होता: केंद्रांना यादी दिसेल एवढीच खिडकी उघडी, बाहेरून आत काही येणार नाही. नवं जे असेल ते हातात घेऊन या.

हातात म्हणजे मी.

रत्नाच्या पर्समध्ये बसून मी धुळ्याच्या एकतीस फेऱ्या केल्या. एरंडोल, पारोळा, धुळे. जाण्यायेण्यात दिवस जायचा, काम वीस मिनिटांचं. एका चुकलेल्या अक्षरासाठीसुद्धा आम्ही एसटीने गेलो आहोत. धुळ्याला पुनम, तिथली तंत्रज्ञ, मला संगणकात खुपसताना म्हणायची, "आले का पाहुणे?" मला ते आवडायचं. आपल्यावाचून अडतं ही भावना वाईट असते, ती कुणालाही आवडते.

बत्तिसाव्या फेरीला रत्नाला ताप होता.

त्या सकाळी तिला एक चूक सापडली होती. पारोळा केंद्रात वापरलेली पिशवी यादीतून जात नव्हती, संपलेलं रक्त शिल्लक दिसत होतं. तिने दुरुस्त केलेला डबा माझ्यात भरला, एका कागदावर चूक काय नि दुरुस्ती काय ते स्वच्छ लिहिलं, खाली स्वतःचा नंबर टाकला आणि दोन्ही एका खाकी पाकिटात घातलं. मग जळगाव स्टँडवर आमच्याकडची नेहमीची पद्धत. धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं, पुनमने स्टँडवर येऊन घ्यायचं. कंडक्टर चंदनभाऊ ओळखीचे. ते म्हणाले, "ताई, घरी जा अन् झोपा."

तिने एकच केलं नाही. पाकीट निघाल्याचा मेसेज पुनमला टाकला, पण फोन करून चूक सांगितली नाही. कागद जातोच आहे, मग काय बोलायचं, असं तिला वाटलं.

चंदनभाऊंकडे त्या दिवशी खाकी पाकिटं दोन होती. दुसऱ्यात पारोळ्याच्या धुरपदाबाईंच्या सुनेचे तपासणीचे कागद होते, जळगावच्या माहेरी राहिलेले. पारोळ्याला धुरपदाबाई खिडकीशी धावत आल्या, जळगावनं पाकीट म्हणाल्या, आणि चंदनभाऊंनी गर्दीत हाताला लागलं ते दिलं. गाडी सुटली. मी धुरपदाबाईंच्या पिशवीत होतो.

पिशवी सरकारी दवाखान्यात पोचली. रक्तपेढीचं पारोळा केंद्र तिथेच होतं. आतून मला सगळं ऐकू येत होतं. सून बाळंतपणासाठी टेबलावर होती, रक्तस्राव थांबत नव्हता, गट बी निगेटिव्ह. रक्ताच्या फ्रीजचं काम बघणाऱ्या कुंदाबाई फोनवर पुनमशी बोलत होत्या. फ्रीज रिकामा आहे, रक्त पाठवा, असं त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या. तिकडून पुनम सांगत होती की यादीत पारोळ्याला एक पिशवी आहे, नीट शोधा. कुंदाबाई म्हणाल्या, "अगं, माझे डोळे खोटे अन् तुझा पडदा खरा का?"

खरा काय ते माझ्या पोटात होतं. शेवटच्या ओळीपर्यंत दुरुस्त केलेलं. मी ओरडू शकत नव्हतो, सरकूसुद्धा शकत नव्हतो. एकतीस फेऱ्यांचा माझा ताठा त्या पिशवीत, कांद्याच्या वासात, पार उतरला.

तेवढ्यात सुनेचे कागद आले म्हणून धुरपदाबाईंनी पाकीट पुढे केलं. "ल्या बाई, सूनना कागद उनात."

कुंदाबाईंनी पाकीट उलटं केलं. मी टेबलावर पडलो. त्या कागद वाचू लागल्या, आणि वाचता वाचता फोनमध्येच मोठ्याने म्हणाल्या, "पुनम, ऐक. पारोळा केंद्रातली वापरलेली पिशवी यादीतून जात नाही. हे तुमच्याच रत्नाने लिहिलंय. आता तरी पटलं?"

पलीकडे पुनमने यादी बाजूला सारली आणि पारोळ्याला जवळच्या अमळनेरला फोन लावला. पडद्यावर काय दिसतं ते नको, फ्रीज उघडून सांग, म्हणाली. तिथे नवल नावाचा माणूस होता. त्याने उघडून पाहिलं. दोन होत्या. बर्फाची पेटी मोटारसायकलला बांधून तो वीस किलोमीटर कसा आला ते मला माहीत नाही. मी धुरपदाबाईंच्या मुठीत होतो. कुणीतरी सांगितलं होतं की हे जपून ठेवा, कुणाचं तरी महत्त्वाचं आहे.

मूठ घामाने ओली झाली होती. दुपारी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, नंतर कुंदाबाई बाहेर येऊन म्हणाल्या की सूनही ठीक आहे. तेव्हा ती मूठ सैल झाली. तेवढा हलका मी कधीच झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रत्ना मला न्यायला आली. ताप उतरला होता, डोळे सुजले होते. पाच मिनिटांचा फोन केला असता तर, हेच तिच्या डोक्यात. धुरपदाबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं. "ले माय, तुनी डबी. रडस कसाले? पोरगी झायी शे आमले."

तिथून आम्ही तडक धुळ्याला, काकांच्या दुकानात. रत्नाने झालेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. काका ऐकून घेत होते, पण नियमावर अडून होते. बाहेरच्याला आतली किल्ली देणार नाही, म्हणाले. इतक्यात त्यांचे जुने मुनीम चुडामणभाऊ बाजार समितीतून आले, आवक किती झाली ते सांगून पाणी पिऊन परत गेले. हे त्यांचं रोजचं काम होतं. दलालाला गोदामात पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

रत्ना त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, बाजाराला गोदामाची किल्ली देता का तुम्ही?"

"किल्ली कशाला? आपला माणूस जातो ना विचारायला."

"मग मला तुमच्या संगणकांतसुद्धा एक चुडामणभाऊ बसवू द्या. तो आतला असेल. तोच बाहेर जाऊन विचारेल, नवीन काही आहे का. असलं तर तोच आणेल. बाहेरचं कुणी आत येणार नाही."

काकांनी चष्मा काढला. "अन् तो फितूर झाला तर?"

"त्याच्याजवळ ओळखीची एक चिठ्ठी असते. ती रद्द केली की त्याला कुणी ओळखत नाही. आणि यादीच्या खोलीपलीकडे त्याला फिरताच येणार नाही."

काकांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "चुडामणला मी तीस वर्षं ओळखतो. याला आधी महिनाभर बघीन." म्हणजे हो.

त्याच दुपारी रक्तपेढीत शेवटचं काम मला मिळालं. तो आतला माणूस, त्याला एजंट म्हणतात, माझ्याच पोटातून क्लस्टरमध्ये उतरला. रत्नाने ओळखीची चिठ्ठी टाकली. ती पडद्यावर एकदाच दिसते, पुन्हा कुणाला वाचता येत नाही. पुनम शेजारी उभी होती. मग जळगावच्या प्लॅटफॉर्मवर धुळ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. जोडलं गेलं, आणि पारोळ्याची दुरुस्ती त्याने पहिल्याच फेरीत आणली. बसमध्ये बसून मी जे एकतीस वेळा केलं, ते आता तो एजंट दर काही सेकंदांनी करतो, तक्रार न करता, खिडकीजवळची जागा न मागता.

महिना कधीच उलटला. परवा अमळनेरच्या यादीत काही गडबड निघाली. मी ड्रॉवरमध्ये होतो, फट उघडी होती. रत्नाने दुरुस्ती लिहिली, तपासणी पार पडली, आणि लगेच तिने पुनमला फोन लावला. हा फोन ती आता कधी चुकवत नाही. चूक काय होती ते सांगेपर्यंत पलीकडून पुनम म्हणाली, "बदललं गं इथे. आता मला चहा पिऊ दे."

माझ्यावाचून काही अडलं नाही. हे इतकं सुखाचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

योगेंद्र सर, आता एकच विनंती. परत कुणाच्या हळदीचा व्हिडिओ असेल तर खुशाल भरा, बँड मी सहन करीन. पण ज्याची दवाखान्याच्या दारात कुणी वाट बघत असेल, असं काही माझ्याकडे देऊ नका. धुरपदाबाईंची ती मूठ मला अजून आठवते. ड्रॉवर लावून घ्या.