उठताना सांगून उठा

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यावर बसायला आलात, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. उठताना सांगून उठा. मी इंग्लंडमधल्या हॅल्डनशर काउंटीच्या क्रिकेट संघाचा बाक आहे. खेळाडूंच्या खोलीत, मैदानाकडच्या मोठ्या खिडकीसमोर माझी जागा. नऊ जण मांडीला मांडी लावून बसतील एवढा मी लांब आहे. माझं वय मात्र विचारू नका. माझ्यावर बसून म्हातारे झालेल्यांची नातवंडं आता माझ्यावर बसतात.

मैदानाच्या कडेचा एक ओक वादळात पडला, आणि गावच्या सुताराने त्यातून मला घडवलं. दोन टोकांना दोन आणि मधोमध एक, असे तीन जाडजूड पाय त्याने मला दिले. त्या काळी बॅटींना जवसाचं तेल लावायचे. बोटांना उरलेलं तेल माझ्या अंगाला पुसायचे. त्या उरल्यासुरल्या तेलावर मी तुकतुकीत राहिलो. संघात चांगलं नाव कमावलं की खेळाडूला काउंटीची टोपी मिळते. ज्याला मिळते तो माझ्याखाली पाठीवर लोळून, चाकूने आपली आद्याक्षरं कोरतो. केवढी मोठी माणसं माझ्याखाली धुळीत लोळली आहेत म्हणून सांगू!

पुढे बॅटी तयारच येऊ लागल्या आणि माझं तेल बंद झालं. मग समितीने ठरवलं की हा बाक फार जुना झाला, आता प्रत्येकाला गादीची वेगळी खुर्ची द्यायची. खुर्च्यांची मागणीही नोंदवून झाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. मैदानावर आपली जोडी जमली की खोलीतल्या कोणीही जागा सोडायची नाही. जो जिथे बसलाय तिथेच बसणार. नाक खाजलं तरी जपून खाजवायचं. कोणी हललं की गडी बाद होतो, अशी या धडधाकट, शिकल्यासवरल्या माणसांची पक्की समजूत आहे. हसू नका, आमच्याकडे यावरून माणसं चिडतात.

त्या जूनमध्ये बाद फेरीच्या स्पर्धेत आमचा संघ उपांत्य सामन्यापर्यंत गेला. सामना घरच्याच मैदानावर होता. समोरच्यांनी २८८ धावा केल्या. आमच्या एक बाद ९४ झाल्या होत्या. कर्णधार ह्यू टॅटरसॉल आणि तरुण सलामीवीर टोबी अशी जोडी छान जमली होती. बाकावर सगळे श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात डेस उठला.

डेस ऑक्ली आमचा सर्वात जुना वेगवान गोलंदाज. दाराएवढा उंच आणि तसाच रुंद. खोलीत चहा करायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलेलं. किटली लावली, तर दूध संपलेलं. "आलोच," म्हणाला आणि खालच्या स्वयंपाकघरात गेला. तो दुधाची बाटली घेऊन परत येईपर्यंत आमचे आणखी चार गडी बाद झाले होते. पहिला टोबी, तोही धावचीत. मैदानाच्या मध्यावर कोण काय ओरडलं ते काचेतून ऐकू येत नाही. टोबी अर्ध्यात घुटमळला आणि गेला, एवढंच सगळ्यांना दिसलं.

१३१ धावांत आमचा खेळ आटोपला. दीडशेहून जास्त धावांनी हार, तीही घरच्या लोकांसमोर. ह्यू आत आला आणि त्याने रागाने बॅट हाणली ती नेमकी माझ्या उजव्या पायावर. बॅटही मोडली आणि पायही. मग यष्टिरक्षक इम्तियाज म्हणाला, "दूध आणायला कोण उठलं होतं?" सगळ्यांनी डेसकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून ती बाटली होती. त्या दिवसापासून डेस दूधवाला झाला.

चार दिवसांनी पुढचा सामना सुरू झाला. हा चार दिवसांचा, लीगचा. खुर्च्या अजून यायच्या होत्या, म्हणून मला दोन पायांवरच भिंतीशी उभं केलं होतं. एक पाय डाव्या टोकाला आणि एक मध्ये, उजवं टोक अधांतरी. खोलीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांचे कान गाण्यांनी बुजलेले. डेसच्या नेहमीच्या जागेवर कोणाची तरी पिशवी होती. ती उचल, असं त्याने म्हटलं नाही. तो गुपचूप माझ्या मोडक्या टोकावर जाऊन बसला. डावीकडे चांगलं वजन होतं, त्यामुळे मी तोल धरून होतो.

दुपारी टोबीच्या पन्नास धावा झाल्या. टाळ्या वाजवायला सगळे एकदम उभे राहिले. मी उजवीकडे कलंडलो आणि डेस चहाच्या कपासकट जमिनीवर!

"अरे, दूधवाला सांडला!" इम्तियाज ओरडला.

मग जमिनीवरून डेसच हसू लागला, आणि हरल्यापासून पहिल्यांदा ती खोली हसली. ह्यूने तिथेच फर्मान काढलं, "आजपासून या बाकावरून उठायचं तर आधी ओरडून सांगायचं. आमचा मुख्य गोलंदाज आहे तो, फुटला तर दुसरा नाही."

मग काय, सारखं चालू झालं.

"उठतोय रे!"

"कुठे?"

"पाय मोकळे करायला."

"थांब जरा. डेस, धरलंस का?"

"धरलंय. जा आता, लवकर ये."

कानातली गाणी काढावी लागली, नाहीतर हाक ऐकू कशी येणार? आणि कान मोकळे झाल्यावर माणसं किती वेळ गप्प बसतील? कोणाचं बोट दुखतंय, कोणाला झोप येत नाही, असं एकेक बाहेर पडू लागलं. मी कोपऱ्यात टाकून देण्याच्या लायकीचा, पण त्या दोन दिवसांत मला फार बरं वाटलं.

डेसचं दुःख मात्र तसंच होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे घरी गेले. ह्यू माझ्या डाव्या टोकाला बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. डेस आला आणि उजव्या टोकाला बसला.

"ह्यू, मी खेळणं सोडतोय. उद्याचा दिवस शेवटचा."

"काहीतरीच काय! अर्धा मोसम बाकी आहे."

"मेव्हण्याची रोपवाटिका आहे, तो कधीचा बोलावतोय. टोमॅटोची रोपं मला दूधवाला म्हणणार नाहीत."

"पोरं गंमत करतात रे."

"पहिल्या दिवशी गंमत होती. काल पेट्रोल पंपावर एक बाई म्हणाली, दूध मिळालं का? आईने फोनवर विचारलं, खरंच का रे तुझ्यामुळे हरलात? अकरा वर्षं इथे खांदा झिजवला मी, ह्यू. लोकांच्या लक्षात काय राहणार, तर बाटली."

ह्यू मनाचा वाईट नाही, पण बोलणं अडचणीचं झालं की उठून जायची त्याला सवय. तो अर्धवट उठला. मी लगेच उजवीकडे झुकलो.

"बस! बस खाली!" डेस मला घट्ट पकडून ओरडला. "सांगून तरी ऊठ!"

ह्यू बसला. आता त्याला उठताही येईना.

"टोबीला मी धावचीत केलं," तो म्हणाला. "धाव म्हणून मीच हाक मारली आणि मीच त्याला परत पाठवला. पोरगं एक अक्षर बोललं नाही."

"मग तू का नाही बोललास?"

"तुझं दूध सोयीचं पडलं."

डेसने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठेल आणि चालता होईल. तो म्हणाला, "हे मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमल्यावर ह्यू म्हणाला, "उठतोय." सगळ्यांनी मला धरलं. तो उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. टोबी बुटांकडे बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. इम्तियाजने डेसचा खांदा हलवला. "माझं चुकलं, डेस. ते नाव मीच काढलं. जाऊ नकोस रे."

"संध्याकाळी सांगतो," डेस एवढंच म्हणाला.

तो दिवस आमच्या परीक्षेचा होता. जिंकणं शक्य नव्हतं, दिवसभर टिकून सामना अनिर्णित ठेवायचा होता. एकेक गडी परतत गेला. शेवटची पाच षटकं उरली तेव्हा नववा गडी बाद झाला. एका बाजूला इम्तियाज उभा होता आणि आता फक्त डेस उरला होता. पॅड बांधून तो मोडक्या टोकावर बसलेला.

"उठतोय," तो म्हणाला.

"ऊठ!" सगळे एका आवाजात ओरडले.

तो गेला. त्याच्या जागेवर, माझ्या मोडक्या टोकावर, ह्यू आपणहून येऊन बसला. बाकीचे डावीकडे सरकून घट्ट बसले. खिडकीतून डेस हातभर बॅट पुढे टाकून चेंडू अडवताना दिसत होता. एक चेंडू त्याच्या बरगडीवर बसला, तेव्हा नऊ जणांनी आपापली बरगडी धरली. किटली उकळली, बंद झाली, गार झाली. एकही जण हलला नाही. शेवटचा चेंडू डेसच्या पायाशी येऊन पडला आणि त्याने तो तिथेच दाबून ठेवला.

मग कसला नियम आणि कसलं काय! सगळे आरडाओरडा करत एकदम उठले आणि हॅल्डनशरचा कर्णधार धाडकन जमिनीवर आला.

डेस आणि इम्तियाज आत आले तेव्हा ह्यू अजून खालीच बसून हसत होता. डेसने हातमोजे काढले आणि किटलीला हात लावून पाहिला.

"गार झाली की. आणि दूध कुठाय?"

"संपलं," टोबी चाचरत म्हणाला.

ह्यू उठला. "मी आणतो," म्हणाला, आणि मोज्यांवरच जिना उतरून, सगळ्या प्रेक्षकांच्या समोरून स्वयंपाकघरात गेला. परत येताना कोणीतरी त्याला हाक मारून हसलं. त्याने बाटली डोक्यावर उंच धरली आणि तशीच धरून वर आला.

डेसने चहा ओतला. सगळे कपाकडे नाही, त्याच्याकडे बघत होते. शेवटी इम्तियाजनेच विचारलं, "आणि टोमॅटो?"

"टोमॅटो थांबतील," डेस म्हणाला, आणि पहिला कप त्याने ह्यूला दिला.

सोमवारी खुर्च्या आल्या. त्या आता समितीच्या खोलीत आहेत. ह्यूने आपली मोडकी बॅट कापून मला उजवा पाय बसवला. मित्रांनो, तो फलंदाज बरा, पण सुतार अगदीच सुमार. पाय बोटभर आखूड पडला. टोबीने मला कितीतरी वर्षांनी तेल लावलं. मी अजून डुगडुगतो, म्हणून आमच्याकडे अजूनही सांगूनच उठतात.

तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखं काही जुनं असेल, एखादा पाय मोडला असेल, तर लगेच फेकू नका. आखूड का होईना, पाय बसवून बघा. चमचाभर तेल लावा. आणि बाकावरून उठायच्या आधी तेवढं बघा, दुसऱ्या टोकाला कोण बसलंय.