सात कुलपांची पिकअप

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत त्र्यंबकरावांचं काजूचं दुकान होतं आणि दुकानासमोर त्यांची पिकअप बांधलेली असायची. बांधलेलीच म्हणायचं. म्हशीला एक दावं पुरतं. ह्या गाडीला दोन साखळ्या आणि सात कुलपं होती. दोन दारांना दोन, बॉनेटला एक, पेट्रोलच्या टाकीला एक, मागच्या फाळक्याला एक, स्टिअरिंगला आवळलेल्या साखळीला एक, आणि मागच्या चाकातून काढून विजेच्या खांबाला गुंडाळलेल्या साखळीला सातवं. त्या खांबापाशी पूर्वी गल्लीतली कुत्री यायची, तीसुद्धा बिचकून पलीकडच्या खांबाकडं जाऊ लागली होती.

गाडी काही राजाची नव्हती. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी त्र्यंबकरावांनी कालिंदीबाईंच्या चारही पाटल्या मोडून ती जुनी घेतली होती, आजऱ्याहून काजू आणायला. घरची गाडी झाली म्हटल्यावर त्यांनी भाड्याच्या गाडीवाल्याला चार लोकांत तोडून बोलून वाटेला लावला. आता ही गाडी गेली तर पाटल्या गेल्या, धंदा गेला आणि बायकोसमोर मान वर करायची सोय गेली. त्यातच पलीकडच्या गल्लीतला एक टेंपो चोरीला गेला आणि त्र्यंबकरावांच्या डोक्यात जो चोर शिरला तो काही केल्या निघेना.

कुलपांवर त्यांचं समाधान होईना. रोज संध्याकाळी ते बॅटरी काढून घरात आणून ठेवू लागले. मग इंजिनातला रोटर काढायला शिकले. हा बोटाएवढा तुकडा. पण तो नसला की इंजिन नुसतं कण्हतं, सुरू होत नाही. तो ते देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागं लपवत. एकदा कालिंदीबाईंनी नकळत त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुपारपर्यंत खोकत राहिली. टाकीत पेट्रोल पंपापर्यंत जाण्यापुरतंच, लिटर-दीड लिटर. किल्ल्यांचा जुडगा जानव्याला. त्र्यंबकराव वाकले की असा खुळखुळाट व्हायचा की गिऱ्हाईक मागं वळून बघायचं.

रोज काढघाल करून बॅटरीनं मान टाकली होती, तेव्हा सकाळी गाडी धक्क्यावरच सुरू करावी लागे. कोल्हापुरात गाडीला धक्का द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही. नुसतं कुणी स्टिअरिंगवर बसलेलं दिसलं की चहाचा कप खाली ठेवून माणसं येतात, धोतराचा सोगा खोचतात, ढकलतात आणि पुन्हा कप उचलतात. गल्लीला त्या गाडीची इतकी सवय झाली की कोण बसलंय हेही कुणी बघेना.

बघून उपयोगही नव्हता. कारण त्र्यंबकराव दर आठ दिवसांनी डायव्हर बदलत. एकच माणूस जास्त दिवस ठेवला की त्याला गाडीची सगळी गुपितं कळतात, असा त्यांचा हिशेब होता. आठ दिवसांत एकाला कळण्याऐवजी वर्षात पन्नास जणांना कळतात, हे त्या हिशेबात कुठं बसलं नव्हतं. कालिंदीबाईंनी एकदा विचारलं, "त्यापेक्षा तुम्हीच का शिकत नाही चालवायला?" त्यावर त्र्यंबकरावांनी सांगितलं की मालक स्वतः चालवायला लागला की लोक त्याला डायव्हर समजतात. कालिंदीबाई आपल्या मोकळ्या मनगटाकडं बघत आत गेल्या.

आणि ही सगळी गुपितं त्र्यंबकरावांच्या पोटात राहतील तर शपथ. रोज चार वाजता कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून ते बंदोबस्ताचं पुराण लावत. कुठलं कुलूप कितवं, फाळक्याच्या कुलपाची किल्ली उलटी फिरवावी लागते, रोटर कुठं असतो, सगळं सांगून झालं की आवाज खाली आणून म्हणत, "हे बाहेर बोलू नका." सोमवारी नवा डायव्हर येणार आहे, आजऱ्याच्या व्यापाऱ्यानं पाठवलाय, आपण त्याचं तोंडही अजून पाहिलेलं नाही, हेही त्यांनी शनिवारी असंच सांगितलं. मागच्या बाकड्यावर एक पाव्हणा मिसळ खात बसला होता. त्यानं त्या दिवशी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

सोमवारी आठाच्या ठोक्याला डायव्हर हजर झाला. खाकी शर्ट, भांग पाडलेला, पायांत चपला. त्र्यंबकरावांनी त्याचं नाव विचारलं नाही, कारण नाव कुणीही काहीही सांगतं. त्यांची परीक्षा वेगळी होती. सीटवर ते मुद्दाम एक रुपया टाकून ठेवत. आजवरच्या निम्म्या डायव्हरांनी तो मुकाट्यानं खिशात घातला होता आणि त्याच दिवशी घर गाठलं होतं. ह्या माणसानं दाराचं पहिलं कुलूप निघाल्या निघाल्या रुपया दोन बोटांत धरून पुढं केला.

"मालक, तुमचा रुपाया पडलाय न्हवं."

त्र्यंबकरावांना भरून आलं. त्यांनी स्वतः बॅटरी आणून दिली, देव्हाऱ्यातून रोटर आणला, उरलेली सहा कुलपं त्याच्यासमोर क्रमानं उघडली आणि जानव्याचा जुडगा सोडून त्याच्या हातात दिला. गाडीची कागदपत्रं सीटखालच्या पेटीत आहेत, तीही दाखवली. वाटेत कुठंही थांबलास तरी सातही कुलपं ह्याच क्रमानं लावायची, असं बजावलं. शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुणी आलं, माझा भाऊ म्हणाला, अगदी मीच मालक म्हणाला, तरी गाडी हातात द्यायची नाही. चोर फार गोड बोलतो."

"न्हाय देत," तो माणूस म्हणाला. "आईशप्पत."

गल्ली धक्क्याला जमलीच होती. त्र्यंबकराव एरवी बाजूला उभे राहून हातवारे करत, पण त्या दिवशी इतके खुशीत होते की सदऱ्याच्या बाह्या वर सारून त्यांनीही मागून जोर लावला. गाडी भडभडली, धूर सोडला आणि निघाली. कोपऱ्यावर थांबून तिनं मालकाला बसवून घ्यायचं होतं. ती थांबली नाही. इंजिन बंद पडू नये म्हणून शहाणा डायव्हर एक फेरी मारून येतो, असं त्र्यंबकरावांनी सगळ्यांना समजावलं आणि पायरीवर फेरीची वाट बघत बसले.

नऊ वाजता सायकलवरून एक माणूस उतरला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात चिठ्ठी. "मी कुतुबुद्दीन. आजऱ्याच्या शेटनी धाडलंय, डायव्हर म्हनून." चिठ्ठीखाली व्यापाऱ्याची सही होती आणि ती त्र्यंबकरावांच्या ओळखीची होती. म्हणजे सकाळचा डायव्हर आजऱ्याचा नव्हता. मग कुतुबुद्दीननं सहज विचारलं, "अशीच एक पिकप आमच्या गडमुडशिंगीत पाराजवळ हुबी हाय. साखळ्या-बिकळ्या लावल्यात. ती तुमची न्हवं?"

इथं दुसरा कुणी असता तर ह्या माणसाला घेऊन धावत सुटला असता. पण त्र्यंबकरावांचा बंदोबस्त अंगात मुरलेला होता. गाडी कुठं आहे हे ह्याला कसं ठाऊक? बरोबर नवाच्या ठोक्याला कसा आला? चोराचाच साथीदार असणार. पोलिसांत जायचं तर कुलपं कुणी फोडली हे सांगावं लागणार, आणि ती आपणच उघडून दिली हे बंदोबस्ताच्या बृहस्पतीनं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी कुतुबुद्दीनला फर्मावलं की मी परत येईपर्यंत ह्या पायरीवरून हलायचं नाही. गल्लीला त्याच्यावर नजर ठेवायला सांगितलं. आणि त्याचीच सायकल घेऊन ते एकटे निघाले.

पाच मैलांत त्र्यंबकरावांचा पार घामटा निघाला. पण पाराजवळ पिकअप दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पेट्रोल पंपापुरतंच होतं. चोरानं शहरातल्या पंपावर ओळखीच्या भीतीनं गाडी उभी केली नसणार, म्हणून ती इथं येऊन संपली होती. आपला दीड लिटरचा उपाय फळाला आला म्हणून त्यांची छाती फुगली. त्यात चोरानं सातही कुलपं क्रमानं लावली होती, मागची साखळी कडुलिंबाला गुंडाळली होती. इतकं नीट काम आजवर एकाही डायव्हरनं केलं नव्हतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग किल्ल्या आपल्याकडं नाहीत हे आठवलं आणि त्यांनी दगड उचलला.

दुसऱ्या घावाला कुणीतरी त्यांचा हात धरला. पारावर बसलेली दहा-बारा माणसं उठून आली होती. पुढं हंबीरराव होते. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत असलेले. गावातला तंटा त्यांच्यापुढं आला की पोलिसांपर्यंत जात नसे.

"मालकानी सांगितल्यालं खरं निघालं की," हंबीरराव म्हणाले. "पेट्रोल आनायला गेल्यात ते. कुनीतरी येऊन गाडी माझी म्हनंल, द्यायची न्हाय, चोर ग्वाड बोलतोय, म्हनाले."

त्र्यंबकरावांचंच वाक्य आता समोरून आलं. मग ते गोड बोलले, आणि तिथंच घात झाला. त्यांनी कागदपत्रांचं सांगितलं. ती आत, कुलपात. पाटल्यांचं सांगितलं, पाटल्या कुठल्या सोनाराकडं मोडल्या हे काही गाडीवर लिहिलेलं नव्हतं. हंबीररावांनी त्यांना पारावर बसवलं, चहा मागवला आणि दोन्ही बाजूंना दोन पैलवान बसवले.

"पावणं, मालक येस्तवर बसा," ते म्हणाले.

मालक तासाभरात आला, एका ट्रकमधून, हातात पेट्रोलचा डबा घेऊन. त्र्यंबकरावांनी बोट दाखवून चोर चोर म्हणून सांगितलं. तो माणूस जरासुद्धा गडबडला नाही. हात जोडून हंबीररावांना म्हणाला की हा माणूस सकाळपासून माझ्या मागं आहे, शाहूपुरीत माझी गाडी ढकलत होता.

हंबीररावांनी त्र्यंबकरावांना विचारलं, खरं का? खोटं बोलायची त्र्यंबकरावांना सवय नव्हती. ढकलली, ते म्हणाले, पण ती माझीच.

हंबीरराव न्यायाचे पक्के होते. त्यांनी दोघांनाही कुलपांची माहिती विचारली. त्र्यंबकरावांनी फाळक्याच्या उलट्या किल्लीपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. त्या माणसानंही तेच सांगितलं, शब्दाला शब्द, आणि वर सातही कुलपं उघडून दाखवली. पेटीतले कागद बाहेर काढून आपल्याच मांडीवर ठेवले. कागदावरचं नाव वाचून हंबीररावांनी त्याला त्र्यंबकराव म्हणून हाक मारली, त्यानं ओ दिली. खऱ्या त्र्यंबकरावांनीही दिली. गावाला हसू आवरेना.

"आता एकच," हंबीरराव म्हणाले. "ज्याची गाडी, त्याला चालवता येनार. दोगांनी बसून दावा."

त्र्यंबकरावांनी गाडीकडं पाहिलं. आतले तीन पेडल कशाकशाचे हे त्यांना आजवर विचारावंसं वाटलं नव्हतं. शेवटी त्यांनी खरं ते सांगितलं. "मला चालवता येत नाही. मी मालक आहे."

ह्यावर कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते वाईट ऐकू आलं. पेट्रोल ओतलं गेलं. तो माणूस स्टिअरिंगवर बसला आणि अख्खी गडमुडशिंगी मागून भिडली. त्र्यंबकरावांना धरून बसलेले दोन पैलवानही जोर कमी पडतोय म्हणून उठून गेले. गाडी भडभडली, धूर सोडला आणि हुपरीच्या रस्त्याला लागली. पाटल्या, धंदा, रोटर आणि सात कुलपं, सगळं एका दमात गेलं. त्र्यंबकराव थोडं धावले, पण फार नाही.

धूर विरला तेव्हा शाहूपुरीकडून कुतुबुद्दीन चालत येताना दिसला. त्याला पायरीवर तासभर बसवून शेवटी गल्लीला कंटाळा आला होता आणि तिनं त्याला सोडून दिलं होतं. पाराशी येऊन त्यानं पहिल्यांदा आपल्या सायकलला हात लावून बघितला, मग त्र्यंबकरावांना सलाम केला. हंबीररावांनी त्याला विचारलं, ह्या पाव्हण्याला वळखतोस व्हय?

"वळखतो की. ह्येच मालक. शाहूपुरीत समदी गल्ली ह्यांची गाडी म्हनूनच वळखती."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला आणि मग एकदम त्याच्यावरच चिडले. "मग मर्दा, तू आदुगर का आला न्हाईस? तू गावातला मानूस. तुजा एक शबूद हुता तर आमी गाडी सोडली असती व्हय?"

कुतुबुद्दीननं त्र्यंबकरावांकडं बघितलं. त्यात राग नव्हता, आणि तेच त्र्यंबकरावांना जास्त लागलं.

"मी येतच हुतो," तो म्हणाला. "मालकांनी बसायला सांगितलं."

मग त्यानं सायकल उभी केली, हँडल पुसलं आणि मालकांना मागं बसा म्हणाला. त्र्यंबकराव कॅरिअरवर बसले. जानव्याला आता काहीच नव्हतं, त्यामुळं वाटभर कसलाही आवाज झाला नाही.