दुसऱ्या खुर्चीचा पगार

माझा बिरदेव विमान चालवतो हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. कुणी विचारलं तर मात्र लवकर सोडत नाही.

विमान चनबसप्पा शेठच्या कंपनीचं. त्याचा कारखाना सोलापुरात, हापीस मुंबईत, दुसरा कारखाना बेंगळूरला. सगळीकडं वेळेत तोंड दाखवता यावं म्हणून त्यानं दोन इंजिनांचं विमान घेतलं. पुढं दोन खुर्च्या. डावीकडं कॅप्टन, तो लष्करातून आलेला. उजवीकडं माझा लेक. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस नुसता सोबतीला बसतो असं लोकांना वाटतं. हवामान विचारायचं, तेल मोजून घ्यायचं, बिनतारीवर बोलायचं, कॅप्टनला चक्कर आली तर विमान खाली आणायचं, हे सगळं त्याच्याच अंगावर. विम्याच्या कागदातही लिहिलंय म्हणे, दोघं असल्याशिवाय शेठला घेऊन उडायचं नाही.

हा चनबसप्पा माझ्या जुन्या ओळखीचा. शेठ व्हायच्या आधी तो मंगळवेढ्याच्या बाजारात लोकर घ्यायला यायचा, मी तिथं मेंढरं विकायची. नवरा गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वरून घोंगडी टाकतात आणि आत बोटं धरून आकडा ठरवतात. बाईनं परक्याचा हात धरला म्हणून गाव हसलं. मी म्हटलं, हसा, पण भाव पाडू नका. वर्षभरात हसणं बंद झालं. घोंगडीखाली ठरलेला आकडा कुणी फिरवत नाही. तिथं साक्षीदार नसतो, म्हणूनच फिरवत नाही. एकदा फिरवला की त्या माणसाचा हात पुन्हा कुणी हातात घेत नाही.

बिरदेवला विमान शिकवायला मी दीडशे मेंढरं विकली, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. भावकी म्हणाली, बाई येडी झाली. पुढच्या साली त्यांची मेंढरं चाऱ्यावाचून मेली, तेव्हा म्हणाली, बाई लई हुशार. मी दोन्ही वेळेला तीच होते. पण शिकून आलेल्या पोराला चार वर्षं कुणी विचारेना. मग शेठचा दुसरा पायलट महिना बाराशे रुपयांची नोकरी सोडून गेल्याचं कळलं आणि मी बिरदेवला घेऊन कचेरीत गेले.

शेठनं खुर्ची दिली, चहा दिला, अक्का अक्का केलं. पगाराची गोष्ट निघाली तसं बिरदेवला बाहेर बसायला सांगितलं आणि गळ्यातलं उपरणं काढून स्वतःच माझ्या हातावर टाकलं. म्हणाला, आपल्या पद्धतीनं ठरवू. आधी त्यानं सातशे धरले. मी बोटं झटकली. नऊशेवर आला, तरी झटकली. त्याच खुर्चीवर आधीचा माणूस बाराशे घेत होता, माझा लेक काय अर्धा माणूस आहे? बाराशेवर त्यानं माझी बोटं दाबली, म्हणजे सौदा पक्का, आणि हात सोडला. मला बरं वाटलं. मोटारीत बसायला लागला तरी माणूस बाजार विसरला नाही, असं मी घरी येईपर्यंत म्हणत होते.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत बिरदेव म्हणाला, "आये, नेमणुकीचं पत्र मागून घेतो. आकडा कागदावर असलेला बरा."

"कागद मागून माझ्या हाताला काळं लावू नगंस," मी म्हटलं. "त्यानं बोटं दाबल्यात."

त्यानं पत्र मागितलं नाही. चूक झाली ती तिथं, आणि ती माझी.

पहिल्या महिन्याला सहाशे आले. मॅनेजर आबासाहेब म्हणाला, शिकाऊ काळ आहे. तीन महिन्यांनी म्हणाला, बघू. सहाव्या महिन्यात त्यानं बिरदेवलाच विचारलं, बाराशे तुम्हाला कुणी सांगितले? कॅप्टनला शब्द टाकायला सांगितलं, तर तो म्हणाला मी यात पडत नाही. मी दोनदा कचेरीत गेले. दोन्ही वेळेला शिपायाच्या बाकड्यावर बसवून ठेवलं, शेठ मीटिंगात आहेत म्हणून. आतून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता.

आठव्या महिन्यात मी बिरदेवला सांगितलं, मुंबईची खेप असेल त्या दिवशी विमानाची सगळी तयारी करायची आणि चढायचं नाही. तो दोन दिवस नीट जेवला नाही. नोकरी गेली तर पुन्हा कोण घेणार, ही भीती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबरच होटगी रोडच्या विमानतळावर, विमानाजवळ जाऊन उभी राहिले.

शेठ मोटारीतून उतरला, बरोबर मुंबईचे तीन बँकवाले. नव्या कारखान्याला ते कर्ज देणार होते. बिरदेव पुढं झाला आणि शाळेतल्यासारखं सरळ उभं राहून म्हणाला, "साहेब, ठरलेला पगार मिळाल्याशिवाय मी आज बसणार नाही."

शेठनं विचारलं, कुणाशी ठरलेला? मी म्हटलं, माझ्याशी. आणि उपरण्यापासून बोटं दाबेपर्यंत सगळं त्या पाहुण्यांना ऐकवलं. त्यातला एकजण शेठकडं बघायला लागला. शेठ हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

"अक्का, ती जुन्या वळखीतली गंमत हुती की. गमतीचा कुणी पगार धरतं व्हय?"

"तुझ्या बापानं गमतीत लोकर घेतली हुती का कवा?" मी म्हटलं. आठ महिने मी त्याला तुमी म्हणत होते, ते तिथं संपलं.

कॅप्टननं घड्याळ बघितलं. विमानाला मुंबईत उतरायची वेळ ठरवून दिलेली होती आणि बिरदेववाचून ते हलणार नव्हतं. शेठनं मला मोटारीच्या पलीकडं नेलं. हळू आवाजात म्हणाला, बाराशे देतो, आजपासून, लेखी देतो. पण त्या लोकांसमोर सांगायचं, आधी काही ठरलं नव्हतं, तुझा गैरसमज झाला.

"आणि मागचं आठ महिनं?"

"ते दिलं म्हंजे ठरलं हुतं असंच हुतंय की, अक्का."

डोकं तेव्हाही शाबूत होतं त्याचं. मी बिरदेवकडं बघितलं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, इस्त्रीच्या शर्टात घामानं भिजून उभा होता. चार वर्षं घरात बसलेलं पोर पुन्हा घरात बसलेलं बघायची ताकद माझ्यात नव्हती.

"आदी कागद," मी म्हटलं.

आबासाहेबानं मोटारीच्या टपावर ठेवून कंपनीच्या कागदावर लिहिलं, शेठनं सही केली. बिरदेवनं मला वाचून दाखवलं. आकडा मी स्वतः बघितला, आकडे मला कळतात. मग मी त्या तिघांपुढं जाऊन उभी राहिले.

"ह्यांनी मला कायबी कबूल केलं न्हवतं. मी खोटं बोलले."

गैरसमज झाला एवढंच म्हणायचं होतं. खोटं हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. शब्द विकायचाच होता, तर नासका माल झाकून विकायची माझी रीत नाही. त्यातला एक म्हातारा बँकवाला मायेनं म्हणाला, "होतं असं, आजी. मुलासाठी माणूस बोलून जातो." शेठच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त झोंबलं.

पाहुणे चढले. शेठ माझ्याकडं न बघता चढला. बिरदेवनं कागदाची घडी खिशात घातली. त्याच्या तोंडावर परीक्षा पास झाल्यासारखं हसू होतं. पायरीवर पाय ठेवता ठेवता तो परत माझ्याकडं आला आणि खाली वाकला.

"आये, एक विचारू? त्या दिवशी खरंच बाराशे ठरलं हुतं, का तू आपलं माझ्यासाठनं..."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खरंच विचारत होता.

"चढ वर," मी म्हटलं. "लोकं खोळंबल्यात."

तो पळत गेला आणि त्यानं आतून दार ओढून घेतलं.