शेवटच्या रिळातली काळी हॅट

मी एक काळी हॅट बोलतेय. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. त्या दिवशी मी रुफसच्या छातीशी होते की आणखी वर, हे मला कित्येक वर्षं नक्की सांगता येत नव्हतं. छातीशीच होते, अशी मी स्वतःची समजूत घालत आले.

रुफस टीग हा खरोखरचा दरोडेखोर. तुरुंग भोगून कॅलिफोर्नियात आला आणि मूकपटांत दरोडेखोराचीच कामं करू लागला. मी त्याच्या जुन्या धंद्यातली. पडद्यावर काळी हॅट म्हणजे वाईट माणूस, हे लहान पोरांनाही कळे. शेवटच्या रिळात त्याला पश्चात्ताप व्हायचा, मी डोक्यावरून उतरायचे, लोक डोळे पुसायचे आणि घरी जाऊन पुन्हा बायकोवर ओरडायचे.

त्याची बहीण ऑर्फा जन्मापासून बहिरी. ओठांवरून बोलणं ओळखायची. तिचा नवरा सायलस आगगाडी लुटल्याबद्दल फासावर गेला होता. गाडी लुटली होती रुफसने. ऑर्फाला ते ठाऊक नव्हतं. भावाच्या नादाने नवरा बिघडला, एवढंच ती धरून बसली होती. लाजेपोटी तिने सायलसच्या थडग्यावर नावसुद्धा कोरलं नाही.

रुफसची पत्रं ती न फोडता चुलीत घालायची. तो दारात उभा राहून बोलू लागला की डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसाला ऐकायचं नसेल तर तेवढं पुरतं.

मूकपट मात्र ती एकही सोडत नसे. भावाचेसुद्धा.

म्हणून त्या दिवशी रुफसने दिग्दर्शक क्विम्बीला विचारलं, "साहेब, या प्रसंगात मी काय बोलू?"

"बोल काहीही. माझ्या सासूला शिव्या दे हवं तर. ऐकतंय कोण? पडद्यावर शब्दांची पाटी आम्ही लावू."

रुफस गुडघ्यांवर बसला. मला दोन्ही हातांत धरून, कॅमेऱ्याकडे पाहत सावकाश म्हणाला, "ऑर्फा, सायलस तिथे नव्हता. मी होतो. त्याचं नाव कोर."

"अरे रड की बाबा," क्विम्बी ओरडला. "हॅट वर घे. अजून वर." तो बोलणं संपल्यावर ओरडला की मध्येच, इथेच माझी आठवण अडखळते.

पाटी लागली: 'देवा, मी आता नवा माणूस आहे.'

"तुझ्या बहिणीने पाहिला हो तो खेळ," तिच्या शेजारणीने रुफसला सांगितलं. "दोनदा पाहिला."

रुफस तिच्या निरोपाची वाट पाहत राहिला. निरोप आला नाही. सगळं कळूनही बहिणीने माफ केलं नाही, असं समजून तो मेला. सायलसचं थडगं बिननावाचंच राहिलं.

आता मी संग्रहालयात काचेमागे आहे. माझ्यापुढे उभं राहून कुणी हळहळू नये, एवढीच विनंती. मागच्या हिवाळ्यात समोरच्या भिंतीवर तेच रीळ दाखवायला सुरुवात झाली, आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं.

त्याच्या ओठांवर 'ऑर्फा' एवढंच दिसतं. मग मी वर येते, आणि पाटी लागेपर्यंत त्याच्या तोंडासमोरून हलत नाही.