इन्स्पेक्टरसाहेबांचा हार

आमच्या अंधेरीच्या शाळेची सहल अर्नाळ्याच्या किल्ल्यावर गेली ती छप्पन्न सालच्या जानेवारीत. सातवीची साठ मुलं, हेडमास्तर गुप्ते, इतिहासाचे विद्याधर पाटकर, चित्रकलेची मी आणि खुद्द शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर. साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी सोळा कलमांचं सूचनापत्रक काढलं होतं. कलम चार: समुद्राकडे विनाकारण पाहू नये.

पाटकरांचा जीव सोळाव्या कलमात अडकला होता. 'इतिहास वीस मिनिटांत सांगावा. कीर्तनाच्या पद्धतीने सांगू नये.' ते तीन वर्षं टेंपररी. दर गुरुवारी पार्ल्याच्या राममंदिरात त्यांचं कीर्तन असे आणि मागे झांज माझी. काय गोड गळा दिलाय देवानं! हेडमास्तरांनी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "पाटकर, साहेबांपुढे तो नाच केलात, तर जूनपासून येऊ नका. नीट वागलात, तर कायमची ऑर्डर."

बाळा तांडेलाने होडीतून उतरवतानाच सांगितलं, "मास्तर, एकच्या आत परत या. मंग पानी ऱ्हात नाय."

"आमचा कार्यक्रम घंटेवर चालतो," हेडमास्तर म्हणाले. शाळेची पितळी घंटा त्यांनी पिशवीत घालून आणली होती.

किल्ल्यातल्या महादेवाच्या देवळापुढे मुलं बसली. हेडमास्तरांनी स्वागताचं भाषण केलं, विषय 'वेळेचं महत्त्व', पन्नास मिनिटं. मग साहेबांचा परिचय. मग परिचयात राहून गेलेल्या गोष्टी.

"सर, किल्ला कधी बघायचा?" रत्नप्रभाने विचारलं. वर्गातली सगळ्यांत आगाऊ पोर.

"तू किल्ल्यातच बसली आहेस. गप्प!"

पाटकर उठले, "मुलांनो," म्हणाले आणि घंटा वाजली. वेळ संपली होती. तेवढ्यात बाळा धापा टाकत आला, "मास्तर, पानी चाललंय, निघा!" हेडमास्तर म्हणाले, "आभारप्रदर्शन तरी होऊ द्या."

आभार मानून आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा होडी वाळूत बसली होती, आरामात.

"आता पाचाला," बाळा बिडी शिलगावत म्हणाला.

डबे केव्हाच संपले होते. ऊन लागत होतं. एक मुलगी रडायला लागली, मग दहा. हेडमास्तरांनी शांततेसाठी घंटा वाजवली, तशी उरलेलीही रडायला लागली. शेवटी सगळ्यांना पुन्हा देवळाच्या सावलीत नेलं.

साहेब घाम पुसत म्हणाले, "अहो, कुणाला काही गाणंबिणं येतं का?"

"पाटकर सर कीर्तन करतात!" रत्नप्रभा ओरडली. "झकास करतात!"

 पाटकरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, मग त्या रडणाऱ्या पोरांकडे. खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि मला म्हणाले, "बाई, झांज?"

झांज माझ्या पिशवीत होती. सवयीने आली होती, कुणाची शपथ घेऊ?

"बाई, तुम्हीसुद्धा!" हेडमास्तर पुटपुटले.

पाटकरांनी 'जय जय रामकृष्ण हरी' म्हटलं आणि मुलांनी असा सूर धरला, की महादेवानेसुद्धा कान दिला असेल. पूर्वरंगाला विषय काय, तर भरती-ओहोटी! देव भरतीसारखा येतो तेव्हा आपण भाषणात असतो, म्हणाले. साहेब मांडीवर ताल धरून बसले होते. पूर्वरंग संपला तसे ते उठले.

"गुप्ते, हार कुठाय?"

"साहेब, तो आपल्या सत्कारासाठी... घाईत राहून गेला..."

"माझा कसला? मधे हार बुवांना घालतात, ठाऊक नाही? नारदाच्या गादीवर उभा आहे तो माणूस."

केळीच्या पानातला ओला झेंडूचा हार हेडमास्तरांना स्वतःच्या हातांनी पाटकरांच्या गळ्यात घालावा लागला. साहेब वाकले, पाटकरांच्या पायांना हात लावून बाजूला झाले आणि वाट पाहत उभे राहिले. साठ मुलंही वाट पाहत होती. हेडमास्तर वाकले. गुडघ्याचा आवाज मला झांजेच्या आवाजातही ऐकू आला.

उत्तररंगात पाटकरांनी एका तांडेलाची गोष्ट सांगितली. सरदार मसलतीत बोलतच राहिले, पाणी ओळखून याने होड्या लोटल्या आणि किल्ला घेतला. "त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही," पाटकर म्हणाले, "तेव्हा गोष्ट माझीच समजा." बाळाची बिडी हातातच विझली. तो पाणी आल्याचं सांगायला आला होता, तोच म्हणाला, "बसा हो, आरती होऊं द्या. पानी थांबतंय."

सोमवारी पाटकरांची कायमची ऑर्डर टेबलावर होती. मी सहजच विचारलं, तर हेडमास्तर चिडून म्हणाले, "साठ पोरांदेखत पाया पडलो, बाई! आता त्या माणसाला काढू कसा?"

त्या गुरुवारी राममंदिरात ते शेवटच्या रांगेत दिसले. घंटा आणली नव्हती.