मर्व्हचा विजेचा पाइप

माझ्या नवऱ्याच्या, मर्व्हच्या जिभेचा डावा काठ कॅन्सरमुळे कापून काढला, त्याला या मे महिन्यात सात वर्षं झाली. त्याआधी चाळीस वर्षं तो पाइप ओढत होता. ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी सकाळी मी त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं करते, जीभ बाहेर काढायला लावते आणि टॉर्चच्या उजेडात वरून, खालून, कडेनं बघते. काही दिसलं नाही की मगच चहा ठेवते.

ऑपरेशननंतर त्याचे शब्द घसरायला लागले. 'स' किंवा 'श' म्हणायला गेला की शिट्टीसारखा आवाज यायचा. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. फोन वाजला की शेडमध्ये जाऊन बसायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज मोठ्यानं वाचा, जमलं तर लोकांसमोर. म्हणून आम्ही दोघं आमच्या गावच्या, रिव्हर्टनच्या नाटक मंडळात गेलो. त्याला दोन-दोन वाक्यांची कामं मिळायची. मी पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करायचे.

या वर्षी ब्रॉनविननं त्याला एकदम मुख्य भूमिका दिली. ब्रॉनविन शाळेत शिकवते आणि आमची नाटकं बसवते. भूमिका एका निवृत्त न्यायाधीशाची होती, आणि हा न्यायाधीश पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत पाइप ओढतो.

दुसऱ्या तालमीला ती एक खोका घेऊन आली.

"हॉल सगळा लाकडी, आत काडी ओढायची सोय नाही," ती म्हणाली. "हा विजेचा आहे. बुडाशी बॅटरी, वर ग्लिसरीनचं पाणी. ओढलं की पाण्याची वाफ होते. तंबाखू नाही, निकोटीन शून्य. बाटलीवर लिहिलंय, बघा."

मर्व्हनं तो हातात घेतला. त्याचा अंगठा आपसूक पाइपच्या तोंडावर गेला, पूर्वी तंबाखू दाबायचा तसा.

"ब्रॉनविन, याच्या जिभेचं तुला माहीत आहे ना?" मी विचारलं.

"माहीत आहे म्हणून तर शून्याची बाटली आणली, नोलीन. तुम्ही नको म्हणालात तर राहिलं. नुसता रिकामा धरू दे त्यांना. पण पुढच्या रांगेतल्यांना ते लगेच कळतं."

"मला विचारा की कुणीतरी," मर्व्ह म्हणाला. "जीभ माझी आहे. म्हणजे, उरलीय तेवढी."

सगळे हसले. मीही हसले, पण निघताना बाटलीवरचं लेबल दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो दोघांना ऐकू येईल असा ठेवला. त्या म्हणाल्या, "तंबाखू जाळण्यापेक्षा हे बरं, एवढं मी सांगू शकते. काहीच न ओढण्यापेक्षा वाईट, हेही सांगू शकते. या दोन्हींच्या मधे नेमकं कुठे, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. आणि मर्व्ह, तुमची जीभ काही साधी जीभ नाही."

फोन ठेवल्यावर मर्व्ह म्हणाला, "ऐकलंस ना? बरं आहे म्हणाल्या."

"वाईट आहे म्हणाल्या."

आम्ही चीज रोल खात तासभर वाद घातला. जळणारं काही नाही, डांबर नाही, निखारा नाही, सहा आठवड्यांचा तर प्रश्न, असं तो म्हणत राहिला. मी म्हटलं, ती वाफ जिभेवरूनच जाणार, त्यातला वास कशाचा बनवलाय देव जाणे, आणि हाताची सवय एकदा जागी झाली की तिला परत झोपवणार कोण? तो म्हणाला, "मी काय कुकुलं बाळ आहे?" मी वाद सोडून दिला. तो सात वर्षं नेटानं लांब राहिला होता, हे खरंच होतं.

मला कबूल करायलाच हवं, त्या पाइपनं तालमीत कमाल केली. एखादा शब्द घसरणार असं वाटलं की मर्व्ह थांबायचा, सावकाश एक झुरका घ्यायचा, वाफ सोडायचा आणि मग बोलायचा. न्यायाधीश विचार करतोय असंच वाटायचं. त्याची मान ताठ झाली. तालमीनंतर तो लोकांशी गप्पा मारत उभा राहायला लागला. ते बघून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच भीती वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात पाइप बाटलीसकट घरी आला. "सराव नको?" तो म्हणाला. मग गाडीत व्हॅनिलाचा वास यायला लागला. मग शेडमध्ये. सलग दोन रविवार त्यानं टॉर्चला चुकवलं. एकदा कुणाची बोट अडली होती, एकदा डोकं दुखत होतं. तिसऱ्या रविवारी मी दाराशीच उभी राहिले.

"तोंड उघड, मर्व्ह."

"अगं, काही नाहीये."

"मग उघडायला काय जातंय?"

उजव्या काठावर, म्हणजे चांगल्या बाजूला, भाताच्या शितासारखा पांढरा चट्टा होता. मी कापडानं पुसून बघितला. तो निघाला नाही.

"दात घासतोय तिथे," तो म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

जवळच्या शहरातल्या, इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलात त्यानंतरच्या आठवड्यातल्या गुरुवारची वेळ मिळाली. पहिला प्रयोग त्याआधीच्या शनिवारी दुपारी होता. मर्व्हनं ब्रॉनविनला काही सांगू दिलं नाही. "पाच दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? तिकिटं विकली गेलीत," म्हणाला. त्या आठवड्यात मी रोज पहाटे जागी व्हायचे आणि त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत पडून राहायचे.

शुक्रवारी तो हॉलवर सामान लावायला गेला. घरी ठेवलेला पाइप पिशवीत भरताना त्याच्या चष्म्याचं घर सापडेना, म्हणून मी मासेमारीच्या पेटीत हात घातला. गळांच्या खाली एक छोटी बाटली होती. ब्रॉनविननं आणलेल्या बाटलीसारखीच, फक्त निकोटीनच्या शून्याच्या जागी तीन होतं. अर्ध्याहून जास्त संपलेली.

ओरडावं असं वाटलं नाही, रडूही आलं नाही. मी ती बाटली सिंकमध्ये रिकामी केली, धुतली आणि तिच्यात ब्रॉनविनच्या बाटलीतलं शून्याचं पाणी भरलं. पाइपमधलं पाणीही बदललं. बाटली होती तिथेच ठेवून दिली. त्याला मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो खोटं बोलला असता, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

शनिवारी हॉल भरला. पहिल्या प्रवेशात मर्व्हनं पाइप ओढला आणि मी पडद्याआडून पाहिलं, त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं पुन्हा ओढला. दुसऱ्या अंकात तो झुरक्यांमागून झुरके घेत राहिला आणि वाक्य विसरला. मी कुजबुजत पहिले दोन शब्द दिले. त्यानं ते उचलले, पुढचे पुन्हा सांडले. "शिक्षा" हा शब्द त्याच्या तोंडातून शिट्टी होऊन बाहेर पडला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी एकेक वाक्य देत गेले, आणि त्याची नजर माझ्याकडे वळली की मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. कसाबसा पडदा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावचे लोक भले आहेत.

परतताना मी बंदराजवळ गाडी थांबवली.

"मी बाटली बदलली," मी म्हणाले. "काल. तीनची ओतून शून्याची भरली."



"मला वाटलं यंत्र बिघडलं," तो म्हणाला. "तुला पेटीत सापडली होय?"

"सापडली. कधीपासून चाललंय?"

"चौथ्या तालमीपासून. शून्याचं म्हणजे किटलीच्या तोंडाशी तोंड लावल्यासारखं लागत होतं गं. म्हटलं, थोडंसं. नाटकापुरतं." मग म्हणाला, "आज तू मला तिथे उघडं पाडलंस, नोलीन."

"हो."

"आधी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

तो म्हणाला, "चट्टा दिसला त्या रात्रीही मी ओढला. भीती वाटली म्हणूनच ओढला." आणि त्यानं चेहरा खिडकीकडे वळवला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

उरलेले दोन प्रयोग पुढच्या आठवड्याअखेरीला होते. रविवारी आम्ही ब्रॉनविनच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. "मीच आणला तो खोका," एवढंच म्हणत राहिली. मर्व्ह म्हणाला, "तू शून्याची आणलीस, बाई. तीनची मी आणली." त्यानं पाइप तिच्या टेबलावर ठेवला. शेवटच्या दोन प्रयोगांत न्यायाधीशाच्या हातात चहाचा कप होता. शब्द अडला की तो कप ढवळायचा. तितकं रंगलं नाही, पण वाक्यं सगळी आली.

त्या प्रयोगांआधीच्या गुरुवारी हॉस्पिटलात चट्ट्याचा इवलासा तुकडा तपासायला काढला होता. अकरा दिवसांनी फोन आला. कॅन्सर नाही. पण पेशी थोड्या बदललेल्या आहेत, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि तोंडात धूर नको, वाफ नको, काहीही नको. वाफेमुळे झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या तंबाखूचं असेल, दाताचं असेल, वाफेचंही असेल. सांगता येणार नाही. कशाचं तरी एकाचं नाव घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मर्व्ह आता निकोटीनची पट्टी दंडाला लावतो, डॉक्टरीणबाईंनी दिलेली, दर पंधरवड्याला आधीपेक्षा कमी ताकदीची. काल जेवताना तो आपणहून म्हणाला, "आज दुपारी फार आठवण आली." मी विचारलं, "मग काय केलंस?" म्हणाला, "काही नाही. बसून राहिलो." मी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. पुढची तपासणी ऑगस्टच्या एकोणीस तारखेला आहे.